१,७६,६३,१९,०४९ : एका पूर्णांकाची प्रस्तावना

एका पूर्णांकावर स्वतंत्र पुस्तक लिहावे, आणि तेही मानवतसारख्या कापसाच्या बाजारगावी बसून लिहावे, यामागे काही सबळ प्रयोजन असले पाहिजे, अशी अपेक्षा वाचकाने बाळगणे सर्वथैव रास्त आहे. आणि पुढील प्रकरणांतील गणिताकडे वळण्यापूर्वी ते प्रयोजन सांगून टाकणे हे लेखकाचे कर्तव्यच ठरते. संख्या ही : १,७६,६३,१९,०४९. अक्षरी, एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात, म्हणजे शके १०७२ (इ. स. ११५०) या वर्षी सिद्ध झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या एका भागात, एका लहानशा उदाहरणाचे उत्तर म्हणून ती आलेली आहे, आणि त्या ‘बीजगणिता’वर आज उपलब्ध असलेल्या महत्त्वाच्या टीकांपैकी एक टीका, मानवत ज्या तालुक्यात पूर्वी मोडत असे त्या पाथरीच्या एका पंडिताने १५३८ साली लिहिली आहे. गणित आणि गाव यांची अशी गाठ असल्यामुळे या संख्येचा वृत्तान्त मराठीत आणि मानवतहून लिहिला जावा, असे मला मनापासून वाटत आले.

निव्वळ आकारमान पाहिले, तर या संख्येला थोर म्हणावे असे तिच्यात काही नाही. कचेरीतील जमाबंदीच्या तक्त्यात, पतपेढ्यांच्या ताळेबंदात, हंगामाच्या अखेरीस मोंढ्यातील उलाढालीच्या गोषवाऱ्यात मोठमोठ्या रकमा येतात आणि जातात. पण पाऊस चार दिवस लांबला असता, अथवा कापसाचा भाव क्विंटलमागे थोडा चढला असता, तर त्या रकमा निराळ्या झाल्या असत्या, आणि त्याने हिशेबाच्या शुद्धतेला कोणतीही बाधा आली नसती. प्रस्तुत संख्येची जात वेगळी आहे. तिचे दहाच्या दहा अंक एकसष्ट या लहानशा संख्येने जणू सनद करून बांधून दिलेले आहेत. त्यांतला एकही अंक कोणाच्या मर्जीने, सोयीने वा योगायोगाने तेथे बसलेला नाही, आणि एकक स्थानच्या नवाच्या जागी आठ घातला, तर सगळी इमारत त्याच क्षणी कोसळते. जी संख्या जशी आहे त्याहून निराळी असूच शकत नाही, तिचा अभ्यास हा केवळ आकडेमोडीचा विषय राहत नाही, असे माझे मत आहे. आणि हे पुस्तक त्या मताच्या समर्थनार्थच लिहिलेले आहे.

मूळ प्रश्न एका वाक्यात मावतो. असा वर्ग शोधावा, की ज्याला एकसष्टाने गुणून गुणाकारात एक मिळविला असता येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्गच असेल. चित्र डोळ्यांपुढे उभे करायचे तर, एकाच मापाची एकसष्ट चौरस अंगणे कल्पावी, प्रत्येकात चौरस फरश्या बसविलेल्या असाव्या. त्या सर्व फरश्या उचलून, त्यांत बाहेरून आणलेल्या एकाच फरशीची भर घालून, सर्वांचे मिळून एकच विशाल चौरस अंगण तयार करावयाचे आहे, आणि अखेरीस एकही फरशी उरता कामा नये की कमी पडता कामा नये. लहानात लहान अंगण केवढे घ्यावे, म्हणजे हे जमेल? उत्तर असे, की लहान अंगणाच्या एका बाजूस २२,६१,५३,९८० फरश्या लागतील आणि विशाल अंगणाच्या एका बाजूस १,७६,६३,१९,०४९. याहून लहान अंगणांनी हे कार्य होत नाही. आपल्या परंपरेत या प्रश्नप्रकाराला वर्गप्रकृती म्हणतात. एकसष्ट ही येथील प्रकृती, बावीस कोटींची संख्या हे कनिष्ठ मूळ, आपल्या पुस्तकाची नायिका हे ज्येष्ठ मूळ, आणि मिळवावयाचा एक हा क्षेप. पुढे हीच नावे वापरली आहेत, कारण ती आटोपशीर आहेत आणि आपली आहेत.

आता एकसष्टाच्या शेजाऱ्यांकडे पाहावे. साठ ही प्रकृती घेतली, तर ४ आणि ३१ एवढ्यावर काम भागते : सोळाची साठपट ९६०, त्यात एक मिळविला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. बासष्टाला ८ आणि ६३ पुरतात. त्रेसष्टाला तर १ आणि ८. दोन्ही अंगांचे शेजारी असे हातावर मोजण्याजोगे असताना मध्येच एकसष्टाने कोटी आणि अब्ज यांची मागणी करावी, हे पाहून जिज्ञासू मनुष्य थबकल्यावाचून राहत नाही. याचे अर्धे कारण लगेच सांगता येते. या चारही संख्या आठाच्या वर्गाच्या, म्हणजे चौसष्टाच्या, अलीकडच्या आहेत. साठ चारने कमी, एकसष्ट तीनने, बासष्ट दोनने, त्रेसष्ट एकने. ही तूट आठाच्या दुपटीला, म्हणजे सोळाला, निःशेष भागत असेल, तर उत्तर हाताशीच असते, असा एक सोपा नियम आहे. आणि चार, दोन व एक सोळाला भागतात, तीन मात्र भागत नाही. पण हे कारण अर्धेच आहे, कारण एकोणसाठाची पाचाची तूटही सोळाला भागत नाही, आणि तरीही त्याचे काम ६९ आणि ५३० या जोडीवर भागते. उरलेले अर्धे कारण खोल आहे. शंभराच्या आतील कोणत्याही प्रकृतीचे लघुतम उत्तर एकसष्टाच्या उत्तराएवढे मोठे नाही, एवढे येथे नमूद करून ते कारण मी तिसऱ्या प्रकरणाकडे सोपवितो.

कोणी म्हणेल, एकेक संख्या घेऊन पडताळीत गेले म्हणजे केव्हा तरी उत्तर सापडेलच. सापडेल खरे, पण एका सेकंदास एक संख्या या वेगाने, झोप आणि जेवण वर्ज्य करून, अहोरात्र पडताळा घेणाऱ्यालाही बावीस कोटी एकसष्ट लक्षांपर्यंत पोचण्यास सात वर्षांहून अधिक काळ लागेल. भास्कराचार्यांनी हे उत्तर काढले ते पाटीवर मावेल एवढ्या लेखनात, आणि त्या लेखनाची एकही पायरी कागदपेन्सिल घेऊन बसलेल्या सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची नाही. ती मी येथे संपूर्ण मांडणार आहे. प्रस्तावनेत गणित येऊ नये असा संकेत असला, तरी ज्या वाटेने ही संख्या हाती आली ती वाट न दाखविता तिची थोरवी वर्णन करणे मला प्रशस्त वाटत नाही.

प्रारंभ सहज दिसणाऱ्या जोडीने करावा. एकाच्या वर्गाची एकसष्टपट एकसष्ट, त्यात तीन मिळविले की चौसष्ट. म्हणजे कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आपल्याला क्षेप एक हवा आहे, हाती तीन आहे. आता असा गुणक शोधावा, की कनिष्ठाला त्याने गुणून त्यात ज्येष्ठ मिळविले असता बेरजेला क्षेपाने, म्हणजे तीनाने, भाग जावा, आणि शिवाय त्या गुणकाचा वर्ग एकसष्टाच्या शक्य तितका निकट असावा. चार, सात, दहा हे गुणक पहिली अट पाळतात. त्यांचे वर्ग सोळा, एकोणपन्नास आणि शंभर, यांत एकोणपन्नास निकटतम, म्हणून गुणक सात. सात अधिक आठ पंधरा, त्याचा तिसरा हिस्सा पाच, हे नवे कनिष्ठ. एकोणपन्नासातून एकसष्ट वजा केले की उणे बारा, त्याचा तिसरा हिस्सा उणे चार, हा नवा क्षेप. नवे ज्येष्ठ एकोणचाळीस. पडताळा : पाचाचा वर्ग पंचवीस, त्याची एकसष्टपट १,५२५, त्यातून चार गेले १,५२१, आणि तो एकोणचाळीसचा वर्ग आहे. या रीतीला चक्रवाल म्हणतात, आणि ही तिची एक फेरी झाली. अशाच फेऱ्या घेत गेले, तरी क्षेप एकावर येऊन ठेपतोच. परंतु उणे चार हा क्षेप हाती आला, की उरलेला प्रवास फार आखूड करण्याची युक्ती ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त सांगून ठेवलेली आहे, आणि भास्कराचार्य तिचा लाभ घेतात.

ती युक्ती म्हणजे भावना, दोन जोड्यांपासून तिसरी जोडी निर्माण करण्याची कृती. दोन्ही जोड्यांची कनिष्ठे आणि ज्येष्ठे तिरकस गुणून बेरीज घ्यावी, ते नवे कनिष्ठ. ज्येष्ठाला ज्येष्ठाने गुणून त्यात कनिष्ठांच्या गुणाकाराची एकसष्टपट मिळवावी, ते नवे ज्येष्ठ. आणि क्षेपांचा परस्परांशी गुणाकार व्हावा, तो नवा क्षेप. आपल्या जोडीला दोनने भागले, तर कनिष्ठ पाच छेद दोन, ज्येष्ठ एकोणचाळीस छेद दोन, क्षेप उणे एक. या जोडीची स्वतःशीच भावना केली की १९५ छेद दोन आणि १,५२३ छेद दोन, क्षेप अधिक एक. अपूर्णांक चालत असते, तर येथेच काम संपले असते. पण पूर्णांक हवे आहेत, म्हणून या दोन्ही जोड्यांची आपसांत भावना करावी : अपूर्णांक अदृश्य होतात आणि कनिष्ठ ३,८०५, ज्येष्ठ २९,७१८ अशी स्वच्छ जोडी पुढे येते, फक्त क्षेप उणे एक असतो. तिची स्वतःशी एकवार भावना केली, की उणे एकाचा अधिक एक होतो, आणि २२,६१,५३,९८० व १,७६,६३,१९,०४९ ही दोन मुळे कागदावर उमटतात. सात वर्षांचे काम अशा रीतीने अर्ध्या घटकेत होते. ही शेवटची पायरी वाचकाने स्वतः करून पाहावी, असा माझा आग्रह आहे. छापील उत्तर वाचणे आणि गुणाकाराच्या ओळींची बेरीज घेता घेता तोच अंक आपल्या हाताने उतरताना पाहणे, यांत फार अंतर आहे.

ही वाट एकदा चालून झाली, म्हणजे संख्येच्या अंगचे गुण आपोआप उलगडू लागतात. शेवटच्या भावनेत ज्येष्ठ मूळ दोन भागांच्या बेरजेने तयार झाले : २९,७१८ चा वर्ग आणि ३,८०५ च्या वर्गाची एकसष्टपट. हे दोन भाग करून पाहावे. पहिला येतो ८८,३१,५९,५२४ आणि दुसरा ८८,३१,५९,५२५. लगतच्याच दोन संख्या! एक शुद्ध वर्ग, तिला लागून असलेली दुसरी एका वर्गाची एकसष्टपट, आणि त्या दोघींची बेरीज म्हणजे आपली संख्या. यावरून असेही निघते, की आपल्या संख्येतून एक वजा केला तर उरते ती एका वर्गाची बरोबर दुप्पट, आणि तिच्यात एक मिळविला तर होते ती दुसऱ्या एका वर्गाची बरोबर एकशेबावीसपट. एवढ्या मोठ्या संख्येच्या उजव्या आणि डाव्या अंगाला अशा रेखीव रचनेच्या दोन संख्या उभ्या असाव्या, हे मी प्रथम पडताळून पाहिले तेव्हा माझा विश्वास बसेना. आज इतक्या काळानेही त्या दोन ओळी मांडताना तोच आनंद होतो.

तिचे अवयव पाडले, तर ११, ५९, १,५२३ आणि १,७८७ हे चार मूळ अवयव मिळतात, एकही पुनरावृत्त नाही. यांतील १,५२३ ची भेट आपल्याला वाटेतच झालेली आहे, आणि ती भेट आकस्मिक नव्हती. १,५२३ चा वर्ग २३,१९,५२९. त्यातून तीन वजा करून निम्मे केले की ११,५९,७६३. त्याला पुन्हा १,५२३ ने गुणले, की आपली संख्या तंतोतंत येते. अपूर्णांकांच्या रूपाने आलेली ती मधली जोडी अंतिम उत्तराच्या गाभ्यात अशी कायमची वस्तीला आहे. उलटपक्षी कनिष्ठ मूळ लहान लहान अवयवांनी गजबजलेले आहे : त्यात चार, नऊ, पाच, तेरा, एकशेसत्तावीस आणि सातशेएकसष्ट सामावले आहेत. कनिष्ठाला नवाने भाग जातो, एवढ्यावरून जुन्या पद्धतीचा नवशेषाचा पडताळाही क्षणात घेता येतो. ज्येष्ठाच्या अंकांची बेरीज सेहेचाळीस, तिची दहा, तिची एक, एकाचा वर्ग एक, कनिष्ठाकडून शून्य, अंतर एक. बरोबर.

येथे एक भेद स्पष्ट करून ठेवणे अवश्य आहे. संख्यांच्या गुणविशेषांची गोष्ट महाराष्ट्रात निघाली, की देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची आठवण निघणारच, आणि ती निघावी हेच उचित आहे; ६,१७४ या त्यांच्या संख्येने जगभरच्या गणितप्रेमींना वेड लावले. चार अंक, सगळे सारखे नसलेले, घ्यावे, उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करावी, आणि हेच पुन्हा पुन्हा करीत गेले, तर जास्तीत जास्त सात वेळांत ६,१७४ या मुक्कामावर येऊन पोचावे, आणि तेथून ७,६४१ उणे १,४६७ म्हणजे पुन्हा ६,१७४ असे तेथेच राहावे, हा शोध मनोहर आहे. पण तो अंकांचा गुण आहे, दहाच्या पटीने स्थाने मांडण्याच्या आपल्या रिवाजावर तो अवलंबून आहे; आपण बाराच्या पटीने मोजत असतो, तर ६,१७४ च्या जागी दुसऱ्याच संख्येचा शोध घ्यावा लागला असता. आपली संख्या कोणत्याही लिपीत, कोणत्याही मांडणीत लिहा, एकसष्टाशी असलेले तिचे नाते ढळत नाही. म्हणूनच कनिष्ठ मुळात ‘एकसष्ट लक्ष’ असे शब्द वाचायला मिळतात, त्याला मी या पुस्तकात काडीचेही महत्त्व दिलेले नाही. तो केवळ दशमान लेखनातला योगायोग आहे, आणि अशा योगायोगांवर भाळून अंकांत शकुन पाहण्याची जी खोड आपल्या समाजाला लागलेली आहे, तिला खतपाणी घालण्याची माझी मुळीच इच्छा नाही.

या दोन मुळांचा एक व्यावहारिक उपयोगही आहे. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागले, तर भागाकार एकसष्टाच्या वर्गमुळाच्या इतका जवळ येतो, की सतरा दशांश स्थळांपर्यंत दोहोंत फरक दिसत नाही : ७.८१०२४९६७५९०६६५४३९. ‘लीलावती’त स्थानांची जी नावे भास्कराचार्यांनी दिली आहेत, त्यांतले अखेरचे परार्ध, एकावर सतरा शून्ये. या भागाकारातली चूक परार्धाच्या एका हिश्श्याहूनही लहान आहे. म्हणजे आचार्यांना जेवढ्या स्थानांची नावे ठाऊक होती, तेवढ्या सूक्ष्मतेपर्यंत एका करणीगत मुळाचे मान या एका अपूर्णांकात बांधलेले आहे.

आता स्थळांकडे येतो. भास्कराचार्यांचे शास्त्र मराठी मुलखात नांदते राहावे, याची तजवीज त्यांच्या नातवाने केली होती. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखावरून दिसते, की चांगदेवाने यादव सिंघणाच्या मांडलिक निकुंभ राजांच्या आश्रयाने आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इ. स. १२०७ च्या सुमारास तेथे एक मठ स्थापन केला. तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. यादवांचे राज्य गेले, बहामनी आली, तिचीही शकले झाली. पण गोदाकाठी पार्थपूर येथे, म्हणजे आमच्या पाथरीस, ज्योतिषगणिताची परंपरा जिवंत होती. तेथल्या ज्ञानराजाने १५०३ साली ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ रचला, आणि त्याचा पुत्र सूर्य, ज्याला सूर्यदास किंवा सूर्यपंडित असेही म्हणतात, याने १५३८ मध्ये ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ ही आणि १५४१ मध्ये ‘लीलावती’वर ‘गणितामृतकूपिका’ ही टीका लिहिली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ च्या अजोड मराठी ग्रंथात या पितापुत्रांचा वृत्तान्त दिलेला आहे; आणि मला खेद वाटतो तो एवढाच, की पाथरी तालुक्यात वाढलेल्या आमच्या किती पिढ्यांच्या कानांवर ही दोन नावे शाळेत कधी पडलीच नाहीत. पाथरीचे नाव मोगल अमदानीच्या दफ्तरांत वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून येते, त्याच्या महसुलाचे आकडे अभ्यासकांस माहीत असतात. तेथे बसून कोणी भास्कराचार्यांच्या बीजाचे विवरण केले, हे मात्र विस्मरणात गेले.

हा सूर्यपंडित केवळ गणिती नव्हता. त्याचे ‘रामकृष्णविलोमकाव्य’ प्रसिद्ध आहे : त्यातील श्लोक डावीकडून वाचावा तर रामाची कथा, आणि तीच अक्षरे उलट क्रमाने वाचावी तर कृष्णाची. असली रचना करणाऱ्याच्या हाती वर्गप्रकृतीचा विषय यावा, यात मला मोठे औचित्य दिसते, आणि त्याचे कारण गणितातच आहे. एकसष्टाचे वर्गमूळ साखळी-अपूर्णांकाच्या रूपाने मांडले, तर सातानंतर १, ४, ३, १, २, २, १, ३, ४, १ असा क्रम येतो, मग चौदा, आणि पुन्हा तेच आवर्तन. या दहा अंकांचा क्रम उलट बाजूने वाचला तरी तोच राहतो. आणि हे एकसष्टापुरते नाही, कोणत्याही अपूर्ण वर्गाच्या मुळाला हा नियम लागू आहे. सूर्यपंडिताला ही मांडणी ठाऊक नव्हती, आणि ती ठाऊक होती असा दावा करणे हा त्याच्या खऱ्या कर्तृत्वाचा अपमान ठरेल. तरीही अनुलोम-विलोम वाचनाचा ज्याला असा व्यासंग होता, त्याच्या टीकेच्या विषयात हे विलोम आवर्तन दडून बसलेले असावे, ही गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही. चौदासह हे आवर्तन अकरा पदांचे, म्हणजे विषम, आहे. म्हणून पहिल्या आवर्तनाच्या अखेरीस क्षेप उणे एक मिळतो आणि अधिक एकासाठी दुसरे आवर्तन पुरे करावे लागते. एकसष्टाच्या अवाढव्य मागणीचे उरलेले अर्धे कारण येथे आहे.

गोदाकाठच्याच गोलग्राम या गावच्या दिवाकर दैवज्ञाचे घराणे हे या परंपरेचे दुसरे अंग. दिवाकर हा नांदगावच्या गणेश दैवज्ञाचा शिष्य. त्याच्या वंशजांनी पुढे काशीस वास्तव्य केले आणि त्याच वंशातील कमलाकराने १६५८ मध्ये तेथे ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ पूर्ण केला. हे साल मी मुद्दाम दिले आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १६५७ च्या फेब्रुवारीत, फ्रान्समधील तुलूझचा न्यायाधीश पिएर द फर्मा याने युरोपातील गणितज्ञांना आव्हान म्हणून हाच प्रश्न घातला, आणि फ्रेनिकल याला लिहिलेल्या पत्रात उदाहरणादाखल नेमक्या दोन प्रकृती दिल्या : एकसष्ट आणि एकशेनऊ. इंग्लंडातील ब्राउंकर आणि वॉलिस यांनी वर्षभराच्या आत रीत शोधून काढली. फर्माने जे विचारले त्याचे उत्तर तेव्हा पाचशे सात वर्षांचे होते. इतकेच नव्हे, तर अताउल्ला रुश्दी याने शाहजहानच्या कारकिर्दीत १६३४ च्या सुमारास ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर केलेले असल्यामुळे ते संस्कृतबाहेरही पोचलेले होते. पण तुलूझपर्यंत ते गेले नाही. फर्माने हा प्रश्न स्वतंत्र प्रतिभेने उभा केला यात मला तिळमात्र शंका नाही, आणि एकसष्टाचीच निवड दोघांनी केली याचे कारण उघड आहे : शंभराच्या आतील प्रकृती एकेक तपासीत जाणाऱ्या कोणत्याही खऱ्या गणित्याची पावले एकसष्टापाशीच अडणार.

पुढे ऑयलरने नजरचुकीने हे समीकरण पेल याच्या नावे लावले आणि ते नाव रूढ झाले. प्रकृती कोणतीही असो, ती पूर्ण वर्ग नसली की उत्तर असतेच, हे सिद्ध करण्याचा मान अठराव्या शतकात लाग्रांजला मिळाला. भास्कराचार्यांनी रीत दिली, तिची निरपवाद सिद्धता दिली नाही; ती चक्रवालाच्या संदर्भात ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९ मध्ये दिली. हा भेद झाकून ठेवण्याची काहीच गरज नाही. चक्रवालाचे श्रेयही एकट्या भास्कराचार्यांचे नाही. १०७३ सालच्या उदयदिवाकराच्या टीकेत जयदेव नावाच्या पूर्वसूरीची ही रीत उद्धृत झालेली आहे, हे कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. १८१७ मध्ये कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर छापले गेल्यावर युरोपला हे सगळे कळू लागले, आणि हांकेल या जर्मन इतिहासकाराने लाग्रांजच्या पूर्वी संख्याशास्त्रात जे जे साधले गेले, त्या सर्वांत चक्रवालाला श्रेष्ठ स्थान दिले. आपण त्या गौरवाने सुखावतो. परंतु त्याच आचार्यांचे ‘बीजगणित’ उघडून ते उदाहरण सोडवून पाहणारे आपल्यात किती, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘लीलावती’च्या बाबतीत ना. ह. फडके यांनी ‘लीलावती पुनर्दर्शन’ लिहून मराठी वाचकाची मोठी सोय केली. ‘बीजगणिता’चा हा एक कोपरा तरी तसाच उजळावा, एवढी या छोट्या पुस्तकाची आकांक्षा आहे.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे सांगितले पाहिजे. पहिल्या दोन प्रकरणांना गुणाकार, भागाकार आणि वर्ग यांपलीकडे काही लागत नाही. आडतीच्या दुकानावर रोजकीर्द आणि खतावणी लिहिणाऱ्या मंडळींनी ती नुसती वाचू नयेत, करून पाहावीत, कारण मोठ्या रकमांची शुद्ध मांडणी त्यांच्या हाताला जन्मभराच्या सवयीने ठाऊक असते, आणि ब्रह्मगुप्ताच्या भावनेला नेमक्या त्याच सवयीची गरज आहे. तिसऱ्या प्रकरणात साखळी-अपूर्णांक येतात, ते अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी सावकाश वाचावे. चौथ्यात पार्थपूर आणि गोलग्राम येथील घराण्यांचा इतिहास आहे, आणि तो गणित टाळून स्वतंत्रपणेही वाचता येईल, मात्र मी तशी शिफारस करणार नाही. गणकयंत्राचा उपयोग पडताळ्यासाठी खुशाल करावा. पण बहुतेक साध्या यंत्रांच्या पडद्यावर आपल्या संख्येचा वर्ग संपूर्ण मावत नाही, तो एकोणीस अंकी आहे, त्यामुळे शेवटी पेन्सिल हाती घ्यावीच लागेल.

फर्माची दुसरी प्रकृती, एकशेनऊ, मी मुद्दाम सोडवून दाखविलेली नाही. तिचे ज्येष्ठ मूळ पंधरा अंकी आहे : १५,८०,७०,६७,१९,८६,२४९. तेथे पोचण्याचा मार्ग मात्र एकसष्टाच्या मार्गाशी पावलोपावली जुळतो, कारण कनिष्ठ २५ आणि ज्येष्ठ २६१ घेतले की क्षेप उणे चारच येतो. पंचवीसच्या वर्गाची एकशेनऊपट ६८,१२५, आणि २६१ चा वर्ग ६८,१२१. येथून दोनने भागून भावनेच्या तीन पायऱ्या चढावयाच्या आहेत. ज्या वाचकाला ही संख्या आपल्या हाताने उतरवावयाची असेल, त्याने कागद आडवा धरावा, स्तंभ रुंद आखावे, आणि प्रत्येक गुणाकारानंतर नवशेष तपासून मगच पुढे जावे.

मानवत